चर्चमधल्या लग्नात मेणबत्त्या: कुठली, कधी आणि कोणी पेटवायची

लग्न ठरलं की हॉल, ड्रेस, केक, फोटोग्राफर हे सगळं महिनोन्महिने आधी बुक होतं आणि मेणबत्त्यांचा विषय निघतो शेवटच्या आठवड्यात. तेव्हा कोणीतरी ऑनलाइन तीन मेणबत्त्यांचा सेट मागवतं, त्यावर नावं, तारीख, चमकी, सगळं असतं, आणि रिहर्सलला फादर विचारतात की हे नक्की कुठे ठेवायचंय आणि कशासाठी. मग धावपळ. आमच्या लिटर्जी टीममध्ये (चर्चमधल्या उपासनेची तयारी बघणारा गट) लग्नांची तयारी करताना हे इतक्यांदा बघितलंय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

सगळ्यात आधी एक गोष्ट, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. कॅथलिक लग्नात मेणबत्ती डेकोरेशन म्हणून नसते, ती ख्रिस्ताच्या प्रकाशाची खूण असते. योहानाच्या शुभवर्तमानात ८:१२ ला येशू म्हणतो की जगाचा प्रकाश मी आहे, आणि मत्तयच्या ५ व्या अध्यायात तोच आपल्याला म्हणतो की तुम्ही जगाचा प्रकाश आहात. (मत्तयचा हा उतारा लग्नाच्या वाचनांसाठी दिलेल्या यादीत आहे, मेणबत्त्यांचा काही विधी करणार असाल तर हाच निवडा, फादरांना उपदेशात दोन्ही जोडायला सोपं जातं.) म्हणून कुठलीही मेणबत्ती ठरवताना मी एकच प्रश्न विचारते, ही ज्योत कुठून येणार? वेदीवरून, बाप्तिस्म्याच्या मेणबत्तीवरून की कोणाच्या खिशातल्या लायटरवरून? याचं उत्तर नीट असलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

चर्चमध्ये आधीच असलेल्या मेणबत्त्या

आपण काही आणायच्या आधी चर्चच्या स्वतःच्या मेणबत्त्या असतातच, आणि त्या आपल्याला बदलायच्या नाहीत. वेदीवर किंवा वेदीजवळ कुठल्याही मिस्साला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या मुख्य उपासनेला, कमीत कमी २ पेटलेल्या मेणबत्त्या लागतात, ४ किंवा ६ पण चालतात, आणि धर्मप्रांताचे बिशप स्वतः मिस्सा करत असतील तर ७. त्यामुळे "वेदीवर दहा-बारा ठेवू, फोटोत छान दिसेल" असं म्हणू नका. वेदीचा वरचा भाग मिस्साला लागणाऱ्या वस्तूंसाठीच असतो, तिथे आपली मेणबत्ती, फ्रेम, नावाचा बोर्ड असलं काही ठेवायचं नसतं. शिवाय लोकांना वेदीवर काय चाललंय ते दिसलं पाहिजे, म्हणून समोर उंच स्टँडची भिंत पण उभी करायची नाही.

टॅबरनॅकलजवळ, म्हणजे पवित्र भाकर ठेवायच्या पेटीजवळ, जो दिवा सतत जळत असतो तो त्या पवित्र साक्रामेंतासाठी आहे, त्याला लग्नाच्या निमित्ताने हात लावायचा नाही, त्यावरून काही पेटवायचं नाही, आणि डेकोरेटरला पण हे स्पष्ट सांगा कारण त्यांना बऱ्याचदा माहीत नसतं आणि ते स्टँड इकडून तिकडे सरकवतात.

मग पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती. यावरून खूप गोंधळ होतो. ती ईस्टरच्या जागरणाला पेटवतात आणि पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे ईस्टरपासून पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या सणापर्यंत, वेदीजवळ किंवा वाचनपीठाजवळ असते. पेंटेकॉस्टनंतर ती बाप्तिस्मा कुंडाजवळ जाते, बाप्तिस्म्याला आणि अंत्यविधीला पेटते. ईस्टरकाळ सोडून ती वेदीच्या भागात ठेवू नये आणि पेटवू नये असं रोमच्या १९८८ च्या पत्रात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमचं लग्न त्या ५० दिवसांत असेल तर भाग्यच समजा, पास्काची मेणबत्ती तिथे जळत असेल आणि तुमच्या छोट्या मेणबत्त्या तिच्यावरून पेटवता येतील, याच्यापेक्षा सुंदर काही नाही. लग्न नोव्हेंबरमध्ये असेल तर "पास्काची मेणबत्ती आणून पेटवा ना फादर" असा हट्ट धरू नका, वेदीवरच्या मेणबत्तीवरून ज्योत घ्या.

तारीख ठरवतानाच हे पण बघून ठेवा की आगमनकाळ (नाताळच्या आधीचे आठवडे) किंवा उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचा) आहे का. लग्न होऊ शकतं, पण त्या काळाचं भान ठेवायचं असतं, उपवासकाळात वेदीजवळ फुलं नसतात, सजावट साधी असते, मेणबत्त्यांचा थाट पण त्या मानाने कमीच ठेवायचा. आगमनकाळात चार मेणबत्त्यांची माळ आधीच उभी असते, तिच्यातली मेणबत्ती लग्नासाठी वापरायची नाही. गुड फ्रायडे आणि पवित्र शनिवारी तर लग्न लावतच नाहीत.

युनिटी कँडल: करायची की नाही

ज्याच्यासाठी बहुतेक लोक हे वाचत असतील ते आता. दोन बाजूला दोन सडपातळ मेणबत्त्या, मध्ये एक जाड, नवरानवरी आपापली घेऊन मधली पेटवतात, दोघांचं एक झालं. ही प्रथा जुनी नाही, चर्चच्या विवाहविधीच्या पुस्तकात ती नाहीच, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून पसरली. म्हणून काही पॅरिश (स्थानिक चर्च) परवानगी देतात, काही सरळ नाही म्हणतात, काही म्हणतात रिसेप्शनला करा. हे फादर आणि तुमच्या धर्मप्रांताच्या नियमावर आहे, मैत्रिणीच्या लग्नात केलं होतं म्हणून आपल्याकडे चालेलच असं नाही. पहिल्या भेटीतच विचारा, मेणबत्त्या विकत घ्यायच्या आधी.

नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, त्यामागे कारण आहे. लॅटिन, म्हणजे रोमन कॅथलिक, परंपरेत विवाह हा संस्कार नवरानवरीच एकमेकांना देतात, आणि तो होतो त्यांच्या संमतीने, म्हणजे फादरांसमोर आणि साक्षीदारांसमोर ते वचन बोलतात त्या क्षणी. मेणबत्ती पेटली म्हणून लग्न झालं असं नाही. वचन आणि अंगठ्या यांच्या मध्ये मेणबत्त्यांचा मोठा कार्यक्रम घातला, पाच मिनिटांचं गाणं लावलं, तर बघणाऱ्याला वाटतं की मुख्य तेच. मला स्वतःला वाटतं की हा विधी चर्चमध्ये करायचाच असेल तर कम्युनियननंतरची, म्हणजे पवित्र भाकर घेतल्यानंतरची, प्रार्थना झाली की शेवटच्या आशीर्वादाच्या आधी करावा, शांत, छोटा. काही फादर अंगठ्यांनंतर लगेच करायला सांगतात, त्यांनी सांगितलं तर तसंच करा, पण वचन आणि अंगठ्या तोडून मध्ये कधीच नको. आणि त्यावेळी स्वतः लिहिलेली नवीन वचनं बोलायची नाहीत, वचन एकदा दिलंय, पुरेसं आहे. बॅकग्राउंडला क्वायरचं एखादं कडवं, बस.

त्या बाजूच्या दोन मेणबत्त्यांसाठी नवीन सेट घेण्यापेक्षा दोघांच्या बाप्तिस्म्याच्या मेणबत्त्या शोधा. खरंच शोधा. आईच्या कपाटात, जुन्या अल्बमच्या डब्यात, कुठेतरी असते. बाप्तिस्म्याच्या वेळी ती पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवून आईवडील आणि गॉडपॅरेंट्सच्या हाती दिलेली असते, हा प्रकाश तेवत ठेवा असं सांगून. आज तीच ज्योत घेऊन मूल लग्नाला उभं राहतंय. आता त्या मधल्या मेणबत्तीला काय अर्थ येतो बघा, दोन घरं एकत्र आली एवढंच न राहता ख्रिस्तात बाप्तिस्मा घेतलेली दोन माणसं एका घराचा प्रकाश होतायत, हे दिसतं. परवानगी मागताना हे असं सांगितलंत तर बरेच फादर ऐकून घेतात. मेणबत्ती वाकली असेल, तुटली असेल किंवा सापडलीच नाही तर साधी पांढरी घ्या आणि गॉडपॅरेंट्सना ती पेटवायला सांगा, अर्थ तोच राहतो.

जोडीदार कॅथलिक नसेल तर बहुतेक वेळा मिस्साशिवाय, फक्त वाचनं आणि विवाहविधी असा सोहळा असतो. त्याचा किंवा तिचा बाप्तिस्मा झालेला नसेल तर त्या मेणबत्तीला बाप्तिस्म्याचा अर्थ जोडू नका, ते खोटं होईल आणि समोरच्या घरच्यांना पण अवघडल्यासारखं होतं. त्यापेक्षा दोन्ही आयांनी वेदीवरच्या एकाच मेणबत्तीवरून ज्योत घेऊन आपापल्या बाजूची पेटवावी, आणि काय चाललंय ते पुस्तिकेत एका ओळीत छापावं.

कोणी, कधी, कसं: क्रमाने

१. मिस्साच्या पंधरा मिनिटं आधी सेक्रिस्टन (चर्चची व्यवस्था बघणारे) किंवा अल्तार सर्व्हर (वेदीवर फादरांना मदत करणारे) वेदीच्या मेणबत्त्या पेटवतात. हे त्यांचं काम आहे, आपण करायचं नाही.

२. बाजूच्या दोन मेणबत्त्या आया किंवा गॉडपॅरेंट्स पेटवतात, मिरवणूक सुरू व्हायच्या आधी. दोघींनी सोबत चालत यायचं, वेदीसमोर वाकून वंदन करायचं, लांब काडीने, म्हणजे टेपरने, ज्योत घ्यायची, पेटवायचं, टेपर विझवून ठेवायचा आणि जागेवर बसायचं. टेपर कुठे ठेवायचा ते आधी ठरवा, नाहीतर बिचाऱ्या पेटती काडी हातात धरून इकडेतिकडे बघत उभ्या राहतात. तिथे एक छोटी वाळूची वाटी ठेवली की काम झालं. ज्यांचे आईवडील नाहीत त्यांच्याकडून मोठी बहीण, काका, मामी कोणीही चालेल, यात काही कमीपणा नाही.

३. मिरवणुकीत क्रूसाच्या दोन्ही बाजूला मेणबत्त्या धरून अल्तार सर्व्हर चालतात. करवल्यांसोबत चालणाऱ्या लहान मुलांच्या हातात पेटत्या मेणबत्त्या द्यायचा मोह होतो, देऊ नका. फ्रॉकची जाळी, केसांचा स्प्रे, फुलांच्या सुकलेल्या पाकळ्या, सगळं क्षणात पेट घेतं. मुलांना बॅटरीवाल्या द्या.

४. मधल्या मेणबत्तीच्या वेळी करवली नवरीचा बुके आधी घेईल, मग व्हेल दोन्ही खांद्यांवरून पूर्ण मागे टाकेल आणि लांब असेल तर धरून उभी राहील. ही पायरी कोणीही विसरायची नाही, रिहर्सलमध्ये दोनदा करून घ्या. मग दोघं टेबलापाशी जातात, आपापली मेणबत्ती खालून धरून उचलतात, दोन्ही ज्योती एकाच वेळी मधल्या वातीला लावतात, वात धरेपर्यंत थांबतात. पटकन काढून घेतलं की ती विझते आणि परत सगळं करावं लागतं.

५. मधली पेटली की बाजूच्या दोन विझवायच्या का? खूप जण विझवतात, माझा याला ठाम विरोध आहे. लग्न झालं म्हणून कोणाचा बाप्तिस्मा संपत नाही, कोणाचं माणूसपण संपत नाही. दोन्ही तशाच पेटत्या जागेवर ठेवा, तिन्ही जळू द्या. शेवटी सगळे बाहेर पडल्यावर सेक्रिस्टन विझवतील.

टेबल कुठे ठेवायचं हा प्रश्न राहिला. वेदीवर नाही, वेदीला चिकटून पण नाही. बाजूला, मेरीमातेच्या मूर्तीच्या दिशेला वगैरे, कंबरेच्या उंचीचं, न हलणारं, पांढरा कपडा चापून बसवलेलं. कपड्याच्या कडा खाली लोंबत असतील तर पाय अडकतो. मेरीमातेसमोर फुलं वाहायची असतील तर कम्युनियननंतर तिथेच एक छोटी मेणबत्ती पण लावता येते, आणि ज्यांच्या पॅरिशमध्ये युनिटी कँडलला नाही म्हणतात त्यांनी हे नक्की करावं, साधं आहे आणि मनापासून करता येतं.

काही ठिकाणी मेणबत्त्यांसाठी खास एक जोडपं नेमतात, ते पेटवून देतात आणि पुढे संसारात मार्गदर्शन करायचं असंही मानतात. नेमणार असाल तर ज्यांचा स्वतःचा संसार बघून शिकावं असं वाटतं अशांना नेमा, फक्त मानपानासाठी नको. पौर्वात्य विधीच्या कॅथलिक चर्चेसमध्ये, बायझंटाइन परंपरेत, वधूवर मुकुट घालायच्या विधीला स्वतःच हातात पेटत्या मेणबत्त्या धरतात, तिथे हा विधीचाच भाग आहे, त्यामुळे तुमचं लग्न त्या पद्धतीने असेल तर तिकडच्या फादरांचं ऐका, वरचं लॅटिन पद्धतीचं आहे.

वारलेल्या आईवडिलांच्या नावाने मेणबत्ती लावायची इच्छा खूप जणांची असते. लावा, पण वेगळ्या छोट्या टेबलावर, किंवा चर्चमध्ये जिथे लोक नेहमी मेणबत्त्या लावतात तिथे मिस्साच्या आधी जाऊन. फोटो वेदीच्या भागात ठेवायचा नाही. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायला सांगा, पूर्ण चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं, यापेक्षा मोठी आठवण कुठली.

विकत घेताना आणि आदल्या दिवशी

पांढरी किंवा नैसर्गिक मेणाच्या रंगाची, बिनवासाची घ्या. सुगंधी नको, चर्चमध्ये आधीच फुलं आणि धूप असतो, क्वायरच्या घशाला आणि दम्याच्या लोकांना त्रास होतो. चमकी, रिबन, चिकटवलेला फोटो वातीच्या जवळ असेल तर तो जळतो, त्यामुळे काही लावायचंच असेल तर खालच्या तिसऱ्या भागात एक छोटा क्रूस, बस झालं. शुद्ध मधमाशीच्या मेणाची महाग पडते पण जास्त वेळ जळते आणि चर्चमध्ये तिचा मान पण जुना आहे, परवडत असेल तर मधली तरी तीच घ्या. बाजूच्या साधारण २५ ते ३० सेंटीमीटर लांबीच्या पुरतात, अशी सडपातळ मेणबत्ती तासाला ढोबळमानाने दोन-अडीच सेंटीमीटर जळते म्हणजे मिस्साला भरपूर. मधली जाड आणि बाजूच्यांपेक्षा उंचीला कमी हवी, नाहीतर हात वर करून पेटवावं लागतं आणि गरम मेण मनगटावर, बाहीवर ओघळतं. बाजूच्यांना मेण अडवायच्या कागदी किंवा काचेच्या चकत्या लावा.

नवीन जाड मेणबत्तीची वात मेणात बुडालेली असते, ती पटकन धरत नाही, आणि ऐन वेळी सगळं चर्च बघत असताना अर्धा मिनिट पण खूप मोठा वाटतो. म्हणून आदल्या दिवशी ती दहा मिनिटं जाळून विझवून ठेवा, वात काळी आणि मोकळी झाली की पहिल्या स्पर्शात पेटते. वात ६ मिलिमीटरच्या आसपास कापा, लांब ठेवली की धूर आणि काजळी. एकदा जळलेली मेणबत्ती नवीन राहिली नाही असं कोणाला वाटत असेल तर त्यांना हे कारण सांगा.

मेणबत्त्यांना आशीर्वाद द्यायची विनंती फादरांना रिहर्सलला करा, दोन मिनिटांचं काम असतं. लग्न फेब्रुवारीनंतर असेल तर अजून छान, २ फेब्रुवारीला येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणाला चर्चमध्ये मेणबत्त्यांना आशीर्वाद देतात, त्या दिवशी दोघांनी सोबत जाऊन आपल्या मेणबत्त्या आशीर्वादित करून आणा.

स्टँड घट्ट बसतो का ते रिहर्सलला बघा, मेणबत्ती डुगडुगत असेल तर खाली थोडं गरम मेण ओतून बसवा, कागदाची घडी कोंबू नका, ती पेटते. टेबलाच्या वर पंखा किंवा एसीचा झोत येतोय का ते पेटवून बघा, येत असेल तर टेबल सरकवा किंवा तो पंखा बंद ठेवायला सांगा. मधल्या वाटेत दोन्ही बाजूला मेणबत्त्या लावायच्या असतील तर आधी चर्चची परवानगी, बऱ्याच ठिकाणी उघड्या ज्योतीला बंदी असते आणि ती योग्यच आहे. दिली तरी उंच काचेच्या नळीत, ज्योत काचेच्या काठाच्या बरीच खाली, आणि नवरीचा घेर आणि व्हेल किती रुंद आहे ते मोजून. मी तर सरळ सांगते, वाटेत बॅटरीच्या लावा, कोणाला फरक कळत नाही. वेदीवर मात्र खरीच ज्योत हवी, तिथे विजेची चालत नाही.

काडेपेटी आणि लायटर दोन्ही ठेवा आणि ते कोणाकडे आहेत हे एका माणसाच्या नावावर करा. विझवायला टोपीवाली दांडी वापरा, फुंकर मारली की मेण कपड्यावर उडतं आणि धूर फोटोत येतो. अग्निशामक नळकांडं कुठे आहे ते त्याच माणसाला माहीत असू दे.

नंतर

मधली मेणबत्ती घरी न्या, गुंडाळून माळ्यावर टाकून देऊ नका. लग्नाच्या वाढदिवसाला, मुलाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी, भांडण होऊन अबोला धरलेल्या रात्री प्रार्थनेला बसताना पण, लावा. ठेवताना सुती कपड्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी, उन्हात पिवळी पडते. बाप्तिस्म्याच्या दोन्ही मेणबत्त्या ज्याच्या त्याच्या आईने परत मागितल्या तर द्यायच्या की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी म्हणेन की नवीन घरात आणा.

चर्चच्या फरशीवर मेण सांडलं असेल तर ओलं असताना पुसू नका, पसरतं. बर्फाचा खडा फिरवून कडक होऊ द्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, चाकू नको, दगडाला ओरखडे पडतात. टेबलाच्या सुती कपड्यावर पडलं असेल तर कडक मेण काढून वर खाली साधा कोरा कागद ठेवून इस्त्री फिरवा, उरलेलं मेण कागदात उतरतं, कागद बदलत राहा. व्हेलच्या जाळीवर इस्त्री अजिबात नको, ती वितळते, तिला फ्रीजरमध्ये ठेवून मेण हाताने हलकेच तोडून काढा.